हळदीची बोटे, चौदाव्या पानापर्यंत

कठोरा नाका, अमरावती
१५ जानेवारी, कर

श्री. मोतीरामजी धोटे, जठारपेठ, अकोला, यांस,

देवराव गावंडे याचा, जावईबुवांना घालायचा असतो तसा, वाकून नमस्कार. इकडे मी आणि गोदाबाई, आम्ही दोघेही ठीक आहोत. तुमच्या डोळ्यांचे ऑपरेशन नीट पार पडले हे कळून समाधान वाटले. पत्र खरे तर कालच लिहायचे होते. पण काल संक्रांत होती आणि तीळगुळाच्या दिवशी कोणाला कडू बोलू नये अशी आमच्या आईची शिकवण आहे, म्हणून एक दिवस दम धरला. आज कर आहे. आजचा दिवस कुठल्याच शुभकार्याला चालत नाही, तेव्हा या पत्राला तो अगदी योग्य आहे. तीळगुळाचा डबा वेगळ्या पार्सलने निघाला आहे. तो आणि हे पत्र एकाच पुडक्यात घालणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

आजच्या काळात फोन सोडून पत्र का, असे तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही ऐकत नाही. माझे पहिले वाक्य पुरे व्हायच्या आत तुम्ही तिसऱ्या वाक्याचे उत्तर देऊन मोकळे होता, आणि आपली बाजू लंगडी पडते असे दिसले की रेंज जाते. अकोल्यात तुमच्या घरी रेंज नेमकी अशाच वेळी कशी जाते हा एक अभ्यासाचा विषय आहे. मी छत्तीस वर्षे एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. माइकवरून बोलत आलो. बोलताना समोरून उत्तर यायची मला सवय नाही, आणि पत्राला मध्येच तोडता येत नाही. डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर वाचायची मनाई केली आहे हे मला ठाऊक आहे. म्हणजे हे पत्र आमची बहीण पार्बता तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार. (पार्बते, सुखी राहा. कंसात जे असेल ते मनात वाचायचे आणि पुढे जायचे. कंस तुझे. जावईबुवांना कंसाबाहेर पुष्कळ ठेवले आहे.)

आता विषयाकडे येतो. तुम्हाला आठवत असेलच, पण तुम्हाला सोयीचे तेवढेच आठवते म्हणून पुन्हा सांगतो. आमच्या कॉलनीच्या वाचनालयाचा मी सचिव. एका कॉलेजने त्यांचे जुने झालेले पाच संगणक आम्हाला दिले. त्यांत लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम घातलेली. अट एकच घातली: २६ जानेवारीच्या आत वर्ग सुरू करा, शिकवणारा माणूस तुमचा तुम्ही उभा करा, नाहीतर पाचही मशीन उचलून दुसऱ्या वाचनालयाला देऊ. दसऱ्याच्या कार्यक्रमात अध्यक्ष सूर्यभानजी सभेत म्हणाले की असा माणूस आपल्यात नाही, तेव्हा मशीन आताच परत केलेले बरे. माझ्या हातात माइक होता. (माझ्या हातात माइक असला की काय होते हे तुला लहानपणापासून माहीत आहे.) मी जाहीर करून टाकले की वर्ग मी स्वतः घेणार. एकतीस नावे नोंदली गेली, त्यांत तेवीस बायका. काहींनी तर वहीही आणून ठेवली. तेव्हा मला लिनक्समधले काडीचेही ज्ञान नव्हते. पण मला वाटले, चांगले पुस्तक मिळाले तर माणूस काय शिकत नाही. आणि चांगले पुस्तक निवडायला मी कोणाला सांगितले, तर तुम्हाला. इथे माझी चूक झाली, आणि मी ती कबूल करतो. पत्रात पुढे जेवढ्या चुका येतील त्या तुमच्या आहेत.

तुम्हालाच का विचारले, तेही सांगतो. गेली तीन वर्षे तुम्ही जिथे भेटता तिथे 'मी लिनक्सवर गेलो' असे सांगत आहात. लग्नात सांगितले, तेरवीत सांगितले. तुमचा नितेश पुण्याला नोकरीला गेला, त्याचा जुना संगणक घरी राहिला आणि तुम्ही तो चालता ठेवला, अशी तुमची सगळ्या नात्यात ख्याती. भाऊबीजेला तुम्ही दोघे आलात. पार्बताने मला ओवाळले, मी तिच्या ताटात साडी ठेवली, आणि तुम्ही पिशवीतून तो ग्रंथ काढून माझ्या मांडीवर ठेवलात. अकराशे चाळीस पाने. जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरे. 'मी स्वतः ह्याच्यावरच शिकलो, आता तुमी शिका,' हे तुमचे शब्द आहेत, गोदाबाई साक्षीला आहे. जावयाने दिलेली वस्तू नाही म्हणता येत नाही आणि परत तर करताच येत नाही. ही रीत ज्याने पाडली त्याला कोणत्या जावयाने काय दिले होते हे मला एकदा विचारायचे आहे.

आमच्या घरची ग्रंथ वाचायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. आमचे वडील रिद्धपूरला पोथी ऐकत लहानाचे मोठे झाले. त्यांचा दंडक असा की ग्रंथ मध्येच उघडायचा नाही, अर्धवट सोडायचा नाही, हात धुतल्याशिवाय शिवायचा नाही, आणि पुरा ऐकून झाल्याशिवाय त्यातले काही करायला जायचे नाही. मी हिशेब केला. रोज तीस पाने, अडतीस दिवस. एक डिसेंबरला आंघोळ करून पाटावर बसलो, समोर चौरंगावर ग्रंथ, आणि मोठ्याने वाचन सुरू केले. गोदाबाई समोर शेंगा फोडत ऐकायची. पहिले चार दिवस शेजारच्या दोघी-तिघी आल्या, पाचव्या दिवसापासून त्यांना कामे निघाली. कॉलेजचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला की मशीन उघडून पाहिले का. मी त्याला सांगितले, पारायण चालू आहे, मध्ये मशीनला हात लावत नाही. तो ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होता त्या नजरेचा अर्थ मला आता कळतो.

आणि काय ती भाषा. आमच्या पंथाच्या जुन्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिलेल्या असत, बाहेरच्याला कळू नयेत म्हणून. त्याला काही कारण होते. तुमचा ग्रंथ सरळ देवनागरीत, आणि तरी बाहेरच्याला कळत नाही, आतल्यालाही कळत नाही. 'प्रचालन प्रणालीच्या गाभ्यातील प्रक्रियांचे अनुसूचन अग्रक्रमानुसार संपादित होते' हे वाक्य मी सलग तीन सकाळी वाचले. तिसऱ्या दिवशी गोदाबाईने शेंगांवरचे लक्ष काढून विचारले, 'अहो, थे बिचारं काय करून राहिलं म्हंते शेवटी?' मी रागावून पुढचे पान उलटले. तरी नेटाने वाचले, जावईबुवा. एक पान सोडले नाही. परिशिष्टे वाचली, शुद्धिपत्र वाचले, सूचीसुद्धा अ पासून ज्ञ पर्यंत म्हटली. (हसू नको. सूची म्हणायला दोन दिवस लागले.)

सुरुवातीच्या पानांच्या कडांना हळदीची पिवळी बोटे लागलेली दिसली. मला वाटले, तुम्ही ग्रंथाची पूजा करून मग मला दिला. माझा ऊर भरून आला होता. ही बोटे लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

सात जानेवारीला पारायण संपले. गोदाबाईच्या माहेरी कुठल्याही ग्रंथाचे उद्यापन केल्याशिवाय चालत नाही, म्हणून आठ तारखेला रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. वाचनालयाचे सगळे सभासद जेवले, आणि जेवण झाल्यावर सगळ्यांच्या समोर मी आयुष्यात पहिल्यांदा संगणकापुढे बसलो. ग्रंथाच्या आज्ञेप्रमाणे पहिली पायरी म्हणजे फ्लॉपी घालणे. फ्लॉपी घालायची फट मी अर्धा तास शोधली. पुढून पाहिले, मागून पाहिले, मशीन आडवे करून पाहिले. शेवटी कॉलेजच्या माणसाने सांगितले की काका, ती वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. म्हणजे मी अडतीस दिवस सुटून गेलेल्या गाडीचे वेळापत्रक पाठ करत होतो. तरी मी हरलो नाही. त्याने मशीन चालू करून दिले, छान रंगीत पडदा आला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला पान सातशे चार आठवत होते. त्यात 'अनावश्यक सेवा कायमच्या बंद कराव्यात' असे सांगून पुढे एक आज्ञा दिलेली होती. मी ती तोंडपाठ असल्याप्रमाणे टाइप केली. रंगीत पडदा गेला. सगळे काळे झाले आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली. बंद करून चालू केले, पुन्हा तेच. ते पुस्तक, जावईबुवा, कुठल्या तरी कंपनीच्या तळघरात ठेवायच्या मशीनचे आहे, ज्याच्यासमोर माणूस बसतच नाही. तिथे पडदा ही अनावश्यक सेवा आहे. आमच्याकडे तेवीस बायका पडद्याकडे पाहत होत्या. सूर्यभानजी माझ्या खांद्यावर हात ठेवून इतके गोड बोलले की त्यापेक्षा शिवी दिलेली परवडली असती. दोन दिवस मी वाचनालयाच्या रस्त्याने गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी ग्रंथ पिशवीत घालून मी रऊफभाईकडे गेलो. इर्विन चौकाच्या अलीकडे जुन्या पुस्तकांचे दुकान आहे त्यांचे, बापाच्या वेळेपासूनचे. रऊफभाईला संगणकातले काही कळत नाही, आणि तो तसे सांगतो, यात तुमच्यात आणि त्याच्यात फरक आहे. म्हटले, लिनक्सचे दुसरे चांगले पुस्तक असेल तर दाखवा. त्याने आधी माझा ग्रंथ मागितला, न उघडता मिटलेलाच उजेडात धरला आणि कडेने पाहिला. म्हणाला, 'देवरावभाऊ, किताब पाहाची असन त किनारीकून पाहा. हे चौदा पानापर्यंत कोनंतरी चिवडा खात खात वाचली. मंग सोडून देली. पुढचे पानं त चिकटेलच होते.' मी म्हटले, अहो, मी स्वतः अकराशे चाळीस पाने वाचली आहेत. त्यावर तो म्हणाला, 'हात धुऊन वाचली असन. हात धुऊन वाचलेल्या किताबीतून हुनर येत नाई, भाऊ. सवाब भेटते, तुमचं पुन्य.'

चिवडा, जावईबुवा. ज्या बोटांना मी अडतीस दिवस पूजेची हळद समजलो, जी मी पहिल्या दिवशी डोळ्यांना लावली, ती तुमच्या चिवड्याची बोटे होती. म्हणजे 'मी ह्याच्यावरच शिकलो' याचा अर्थ चौदा पाने. चौदाव्या पानावर तुमचा चिवडा संपला किंवा उत्साह, आणि मग तो ग्रंथ तीन वर्षे कपाटात कोरा राहिला. कोरा राहिला म्हणून नवा दिसला, आणि नवा दिसला म्हणून तो मला भेट मिळाला.

पुढे ऐका. रऊफभाईने मागून एक दुसरे पुस्तक काढले. पातळ, शंभर-सव्वाशे पानांचे, सोप्या इंग्रजीतले, पुठ्ठा गेलेला, त्या जागी खाकी कागद शिवलेला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मळलेले. कुठे तेलाचा डाग, कुठे पीठ, एका पानावर कपाची गोल खूण. तो म्हणाला, 'हे घ्या. हे कोनंतरी पुरं वापरलं. किताबीचा कागद सांगते, मले वाचायची जरूरत नाई.' त्याचा साडू शाकीब अकोल्याला रद्दीचा धंदा करतो, दिवाळीच्या आवराआवरीतली बरी पुस्तके निवडून तो पोत्यात घालून बडनेऱ्याला पाठवतो, त्यातले हे. (इथून पुढे सावकाश वाच. पाणी पिऊन घे.)

घरी आणून मी ते उघडले. हात धुतले नाहीत. प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलेले होते. छापलेल्या मजकुराने मला काही सांगितले नाही, पण समासाने सगळे सांगितले. एका ठिकाणी: 'इथे चुकते. घाई करू नये.' एका ठिकाणी: 'पुस्तकात सोपे म्हणतात, सोपे नाही, चार दिवस लागले.' पुढे: 'आज जमले. बुधवार. भाकर करपली.' एका ठिकाणी नुसते: 'ह्यांना विचारले. म्हणाले, माहीत आहे पण सांगायला वेळ नाही.' आणि तिसऱ्या पानावर, जिथे ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते सांगितले आहे, तिथे लिहिले होते: 'म्हणजे आमचा दादा. स्वतः कुठे जात नाही, पण त्याने माइकवर सांगितल्याबिगर एकही गाडी फलाटाला लागत नाही.' अडतीस दिवसांत जे मला समजले नाही ते दोन ओळींत समजले. मला फार आवडले ते. मी गोदाबाईला वाचून दाखवले आणि म्हटले, पाहा, अकोल्यालाही कोणा बाईचा भाऊ माझ्यासारखाच एसटीत असला पाहिजे.

गोदाबाईने पुस्तक माझ्या हातातून घेतले, एकच पान पाहिले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की ती नजर मी इथे लिहू शकत नाही. 'हे अक्षर पार्बताचं हाये,' ती म्हणाली. 'तुमाले ग्रंथ वाचता येते, अक्षर वाचता येत नाई.' तरी मी मानायला तयार नव्हतो. मग तिने पुस्तक उलटे धरून झटकले. एकशेबाराव्या पानातून किराण्याची चिठ्ठी पडली. तूरडाळ, शेंगदाणे, चिवड्याचे पोहे, आणि खाली 'ह्यांच्या डोळ्याचे थेंब'. आता बोला. पण बोलू नका. ऐका.

तीस वर्षे तुम्ही जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होतात. मी स्वतः तुम्हाला काम करताना पाहिले आहे. गाडी आली की वरचा पांढराफेक कापूस तुम्ही बाजूला सारायचा, कोपरापर्यंत हात आत घालून मधली मूठ काढायची, बोटांनी धागा ओढायचा, आणि मग बोलायचे. वरचा कापूस पाहून प्रत ठरवणाऱ्याला तुम्ही आंधळा म्हणायचात. तो माणूस दिवाळीच्या आवराआवरीत घरातली दोन पुस्तके समोर ठेवतो. एक कोरे, एक मळलेले. कोरे चांगले म्हणून साळ्याला भेट देतो, मळलेले वाईट म्हणून रद्दीवाल्याच्या तराजूत टाकतो. मधली मूठ काढून पाहिली नाही. एक पान उघडले नाही. उघडले असते तर तुमच्या घरात तीन वर्षे लिनक्स कोण चालवत होते हे तुम्हाला कळले असते. की ते तुम्हाला माहीत होते? मागच्या वर्षी मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही मला तो संगणक दाखवत होतात, काहीतरी अडले, आणि पार्बता चहाचा कप घेऊन मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, 'नितेश म्हने, थे आधी बंद करून पाहा.' तुम्ही बंद करून पाहिले, चालू झाले, तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात. मीही तुम्हाला शाबासकी दिली. नितेश तेव्हा पुण्यात होता आणि त्याला तुमचे काय अडले याचा पत्ताही नव्हता. माझा राग खरा कशाचा असेल तर त्या शाबासकीचा आहे. ती मला परत पाहिजे.

(पार्बते, तू दहावीला तालुक्यात दुसरी आलीस. बाबा तुला अमरावतीला शिकायला पाठवायला तयार होते. त्यांनी मला विचारले, कारण मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि खोली माझी होती. मी म्हटले, पोरीच्या जातीला एवढे शिकून काय करायचे. तू दाराच्या मागे उभी होतीस हे मला माहीत होते. जावईबुवांनी तुझे पुस्तक रद्दीत टाकले, त्याच्या आधी एकदा मी टाकले होते. हे चाळीस वर्षांत बोललो नाही. भाऊबीजेला दरवर्षी साडी देत गेलो.)

आता काळ्या पडद्याचे सांगतो. पान त्र्याऐंशी. समासात लिहिले आहे: 'पडदा काळा झाला तर घाबरायचे नाही. मेला नाही, नुसती वाट पाहून राहिला. खालच्या दोन ओळी लिहायच्या आणि थांबायचे.' मी सोमवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी एकटा गेलो, पुस्तक मांडीवर घेतले, एकेक अक्षर पाहून दोन ओळी लिहिल्या आणि थांबलो. रंगीत पडदा परत आला. मी खुर्चीवर बसून रडलो, हे कोणाला सांगण्यासारखे नाही म्हणून तुम्हाला सांगतो. नंतर सूर्यभानजी आले, म्हणाले, 'कसं काय केलं बा, देवरावजी?' त्या वेळी तोंडातून 'मी' हा शब्द निघणार होता. जावईबुवा, तो शब्द किती सहज येतो ते मला त्या दिवशी कळले, आणि तेवढ्यापुरता तुमच्यावरचा राग थोडा कमी झाला. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा होता तेवढा झाला.

तब्येतीला जपा. थेंब वेळेवर घाला. तिखट कमी खा आणि चिवडा बंद करा. लहानमोठ्यांना यथायोग्य सांगायला तुमच्या घरात आता तुम्ही दोघेच आहात, तेव्हा एकमेकांना सांगा.

आपला साळा, आणि जावयाला उलटून बोलता येत नाही म्हणून जो काही बोललेला नाही असा,

देवराव

ता. क. १. विनंती अशी की पार्बताला चोवीस तारखेच्या सकाळच्या गाडीने पाठवावे. मी बडनेऱ्याला स्टेशनवर उभा राहीन. वर्ग ती घेणार. विनंती असे मी रीत म्हणून लिहिले आहे. संक्रांतीच्या सकाळीच मी माइकवरून 'शिक्षिका सौ. पार्बताबाई धोटे, अकोला' असे दोनदा जाहीर केले आहे आणि पत्रिकाही छापून आल्या आहेत. तेवीस बायकांनी तीळगूळ वाटताना तिचीच चौकशी केली. तुमचे थेंब घालायला नितेश रजा घेऊन येतो आहे. त्याला मी सगळे कळवले आहे. तो फोनवर म्हणाला, 'मामा, आई मले विचारे. मी म्हनो, बाबाले विचार.' तेव्हा त्यालाही एक पत्र जाणार आहे.

ता. क. २. तुमचा ग्रंथ परत पाठवता येत नाही, रीत आडवी येते. पण पाचव्या मशीनचा पडदा फार खाली बसायचा, बायकांच्या माना दुखल्या असत्या. त्याखाली ग्रंथ ठेवला. उंची अगदी बरोबर झाली, जणू त्यासाठीच छापला होता. या बाबतीत तुमची निवड चुकली असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की तुमचे नाव दुसऱ्या तुकडीत घालू. पाचवे मशीन तुमच्यासाठी राखून ठेवतो.

ता. क. ३. पार्बते, तुझे पुस्तक माझ्याजवळ आहे. स्टेशनवर तुझ्या हातात देईन. खाकी कागद सुटत होता तो गोदाबाईने पुन्हा शिवला. शेवटच्या पानाच्या समासात तू लिहिलेस, 'संपले. आता कोणाला सांगू?' त्याच्या खाली मी पेन्सिलीने एकतीस नावे लिहिली आहेत. बत्तिसावे माझे आहे. आता एक काम कर. पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून घे, आणि या वेळी कंस सोडू नको, कंसातलेही सगळे मोठ्याने वाच, माझे ते दाराच्या मागचेसुद्धा. घाई करू नको. डॉक्टरांनी जावईबुवांना वाचू नका म्हटले आहे. ऐकू नका असे कोणी म्हटलेले नाही.